अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठावीस

पडद्याचं कापड राखाडी व्हायला हवं होतं, ते तांबूस निघालं. महिन्यात तिसऱ्यांदा. कारखान्यातल्या संगणकवाल्यांनी हात टेकले, तेव्हा रंगारीबुवांनी जुनी वही शोधून बाईंना फोन लावला.

"तुमच्याच हातचं आहे, तुम्हीच बघा."

बाई निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. रंगांची मिसळण ठरवणारा तो प्रोग्रॅम पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी आणि मास्तरांनी मिळून लिहिला होता. मास्तर काही शाळेतले नव्हेत. सगळ्यांच्या चुका काढायचे, म्हणून ते नाव पडलेलं. दोघांत एकच कीबोर्ड. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने खनपटीला बसायचं. बाई कारखान्यात आल्या, तर खोली तीच होती. टेबलावरचे निळे डाग घासूनही गेले नव्हते. बाई बसल्या आणि उगाचच डावीकडे सरकल्या, शेजारी जागा ठेवल्यासारख्या.

प्रयोगशाळेतलं मशीन बारा रंगांची मापं पाठवायचं. प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे अठ्ठेचाळीस. दर वेळी किती बाइट हाती आले ते छापणारी एक ओळ बाईंनी घातली आणि प्रयोगशाळेकडून मापं पुन्हापुन्हा पाठवायला लावली. अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस. दुपारपर्यंत तेच. मग एकदम अठ्ठावीस.

म्हणजे पहिले सात रंग नवे, आणि उरलेल्या पाच जागी आधीच्या कापडाचीच मापं पडून राहिलेली. आधीचं कापड होतं लालभडक.

"प्रयोगशाळा कुठे आहे हल्ली?" त्यांनी विचारलं.

"रस्त्यापलीकडे नेली की, गेल्याच महिन्यात. आता मापं नेटवर्कवरून येतात," रंगारीबुवा म्हणाले.

बाईंना दोन दिवस चाललेलं ते भांडण लख्ख आठवलं. मास्तर म्हणत होते, सगळं एका दमात येईल असं धरून चालू नका, पुरते येईपर्यंत वाचत राहा. बाई म्हणाल्या होत्या, दहा पावलांवर मशीन, मधे एकच तार, जाईल कुठे? शेवटी बाईंनी आपलंच खरं केलं होतं. वर्षभराने मास्तर दुसऱ्या गावी गेले. बिनसलं काहीच नव्हतं, नुसतं बोलणं राहून गेलं.

नंबर मिळवायला अर्धा तास गेला. पलीकडचा आवाज बराच थकलेला होता.

"मास्तर, अठ्ठेचाळीस हवेत, अठ्ठावीसच येताहेत."

"उरलेले वीस मागून येत असतील."

"तुम्ही सांगितलं होतं."

"सांगितलं होतं, पण मीही कंटाळून गप्प बसलो ना. बरं, मापं वाचणारा भाग उघडा. मला ऐकवा."

बाई एकेक ओळ वाचत गेल्या, मास्तर मधेच थांबवत गेले. पुरते अठ्ठेचाळीस होईपर्यंत वाचायचं, त्याआधी रंगाला हात लावायचा नाही. सहा ओळींचं काम, पण तासभर लागला, कारण मधे मास्तरांच्या गुडघ्यांची आणि बाईंच्या नातीची चौकशी झाली. मग मापं परत पाठवली. चौथ्या खेपेला आधी अठ्ठावीस आले, पाठोपाठ वीस.

रंगारीबुवा ओला तुकडा चिमटीत धरून आले. बाई तो खिडकीपाशी घेऊन गेल्या, फोन कानालाच होता.

"कसा आलाय?" मास्तरांनी विचारलं.

"राखाडी. जरासा निळ्याकडे झुकतोय."

"ओलं आहे म्हणून. वाळू दे, मी आहे फोनवर."