ताईच्या नावाचा माइट

आमचे दाजी म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार. आमच्या संशोधन संस्थेचे प्रमुख झाले ते सासऱ्याच्या पुण्याईवर. खुर्ची माझ्या बाबांची, सूक्ष्मदर्शक बाबांचा. बेटांवरच्या मातीतले माइट ओळखायची विद्या तेवढी बाबांबरोबर गेली. माइट म्हणजे आठ पायांचे, टाचणीच्या टोकाएवढे जीव. उष्ण बेटांवर मूठभर पालापाचोळ्यात ढीगभर सापडतात, आणि या बेटावरचा त्या बेटावर असेलच असं नाही. त्यांचं वर्गीकरण करायला डोकं लागतं. दाजी तोंडावर भागवतात.

मी प्रयोगशाळेत नव्या मातीवर दिवा लावून बसलो होतो. ऊब लागली की माइट खाली पळतात आणि नरसाळ्यातून बशीत पडतात. तेवढ्यात स्वारी आली.

"मेव्हणे, नवी प्रजाती! पांढरट, मऊ, आणि पाठीवर छत्रीवर छत्री. नाव तुमच्या ताईचं देतोय. तिनं माइटाचं चित्र पुरं केलं की छापायला पाठवतो."

मी भिंगातून पाहिलं. छत्री कसली डोंबलाची! ते पिल्लू होतं. काही माइटांची पिल्लं वाढताना कात टाकतात आणि टाकलेली कात पाठीवरच घेऊन हिंडतात. मोठी झाली की तीच तपकिरी, टणक, आणि सगळ्या बेटांवर पायलीची पन्नास. पिल्लू कुठलं आणि मोठा कुठला हे ज्याला कळत नाही, तो आमचा प्रमुख! धन्य आहे.

"दाजी, हे पिल्लू आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला दुसऱ्याचं चांगलं बघवतच नाही," असं म्हणून ते निघून गेले.

दाजींचं हसं झालं असतं तर मी पेढे वाटले असते. पण नाव ताईचं होतं ना! लग्न झाल्यापासून दाजींच्या प्रत्येक लेखातली चित्रं ताईनं काढली, माइटाच्या अंगावरचा एकेक केस मोजून. कुठे तिचं नाव नाही, साधे आभारही नाहीत. आता पहिल्यांदा नाव येणार, तेही असल्या घोडचुकीवर. माझं डोकंच फिरलं.

तसलंच एक जिवंत पिल्लू, सुकून मरू नये म्हणून, मी तळाशी ओलं प्लास्टर असलेल्या बशीत ठेवलं. त्यानं यथावकाश कात टाकली आणि आतून निघाला तोच तपकिरी, रोजचा. बशी घेऊन मी तडक ताईकडे गेलो. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून दाजींच्या माइटाचं चित्र पुरं करत होती.

"ताई, बघ. तुझ्या नावाचा माइट."

तिनं भिंगाला डोळा लावला. "मोठा झाला होय!"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अरे, चित्रं मी काढते. पिल्लू कसं ओळखायचं ते बाबांनी मला शाळेत असतानाच शिकवलंय. या चित्रातही सगळं आहे. ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल."

"मग दाजींना सांग की!"

"ह्यांनी मला विचारलंय कधी काही? नाव देतोय हेसुद्धा फर्मावलं." तिनं टाक दौतीत बुडवला. "बरं, मला सांग, चुकलेलं नाव तुमच्यात पुसून टाकतात का?"

"नाही. त्या माइटाच्या जुन्या, खऱ्या नावाखाली ते कायम लिहावं लागतं. कुणी ठेवलं, तेही."

"कायम?"

"कायम."

"हं. बाबाही तेच म्हणायचे," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या नावाला कुणी बोट लावणार नाही. आणि त्याच्या पुढे ह्यांचं नाव, ह्यांच्या चुकीसकट."

घरात मला सगळे तिरसट म्हणतात. मी आपला इतकी वर्षं दाजींच्या नावानं बोटं मोडत बसलो होतो. ताईनं एक शब्दही वाया घालवला नव्हता. मला चक्क तिची भीती वाटली.

"बशी घेऊन जा," चित्रावरची नजर न काढता ताई म्हणाली. "आणि छापून येईपर्यंत ह्यांच्या दृष्टीस पडू देऊ नकोस."

मग तिनं चित्रात पिल्लाचा शेवटचा केस रेखाटला, जिथे होता तिथेच.