बांधावरचे मचाण आणि तणमोर

मी एक जुने मचाण आहे, मित्रांनो. शिंदखेड्याकडच्या माळावर, बाजरीच्या बांधाला माझे चार पाय रोवलेले आहेत. त्यातले दोन वाळवीने पोखरले. नुसते उभे राहण्याचाही आता शीण येतो.

या शेताचे मालक झुलालआबा तरुण होते, तेव्हा त्यांनी बाभळीची लाकडे तोडून मला उभारले. हरणे पिकात शिरली की माझ्यावरून त्यांनी आरोळी ठोकायची, एवढेच काम. पण श्रावणात दिवस कलला की आबा पिकाकडे पाठ करून बसत. बांधापलीकडे बन्सीलालभाऊंचे गवताचे रान होते. तिथे तणमोर यायचा. काळाभोर, कोंबड्याएवढा, डोक्यामागे पिसांचे तुरे. मादी गवतात लपलेली असे. तिने बघावे म्हणून तो सरळ वर उसळायचा, बेडकासारखा आवाज काढायचा आणि पुन्हा गवतात बुडायचा. अंधार पडेपर्यंत हेच.

आबांची बायको धुरपदाबाई भाकरी घेऊन येई आणि तीही बघत बसे. "थकस नही का रे तू?" असे ती त्या पाखरालाच विचारायची.

पुढे मोतीबिंदूने तिची नजर गेली. तरी आबा तिचे पाऊल एकेका पायरीवर ठेवून तिला वर आणत. आवाज आला की ती विचारी, "कितला उंच उडना?" आणि आबा रंगवून सांगत.

मग एका उन्हाळ्यात बन्सीलालभाऊंनी भुईमुगासाठी ते रान नांगरायला काढले. आबांनी त्यांच्यापुढे हात जोडले. "भाऊ, एक पट्टा राहू दे."

"आबा, माले पोरं पोसना शेतस. पाखरूसाठे रान पडीत ठेवू का?"

आबा माघारी फिरले आणि सगळे रान नांगरले गेले.

त्या श्रावणात आबा आणि धुरपदाबाई माझ्यावर येऊन बसले. दिवस बुडाला. कुठेच आवाज नाही. आबा एकदम म्हणाले, "उडना!" दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तसेच म्हणाले. तिने चाचपडत त्यांचा हात धरला.

"आवाज उना नही. माले समजस."

आबांची मान खाली गेली. "मंग आते काय करूत?"

"आपलं वावर शे ना," ती म्हणाली.

पुढच्या पेरणीला आबांनी स्वतःच्या शेतातला बांधालगतचा पट्टा पेरलाच नाही. गाव हसले. बाजरी कमी झाली. गवत मात्र कमरेएवढे वाढले. तणमोर अजून आलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या शिवारात असे गवत उरले असेल, तर ते सगळे नांगरू नका. गेलेल्या पाखराची वाट बघणे फार दमवते. ती दोघे आजही संध्याकाळी वर येतात, आणि मी माझे पोखरलेले पाय घट्ट रोवून धरतो.