लाल केबलची बाजू

मी तोंडाने फटकळ आहे, पण कामात ढिसाळ नाही. निदान बुधवारपर्यंत तसं वाटत होतं.

आमच्या सरांना सगळे पाठीमागे डावरे काका म्हणतात. सूर्याच्या अब्जावधी पट वजनाच्या एका कृष्णविवराभोवती चुंबकीय रेषा डावीकडे वळतात, असं ते एकोणतीस वर्षं सांगत आले. दाखवायला हातात काही नव्हतं, म्हणून लोक हसायचे. मग दुर्बिणीला रेडिओ लहरी टिपणारा नवा रिसीव्हर बसला, पहिलं चित्र आलं, आणि रेषा खरंच डावीकडे! सर कँटीनमध्ये सगळ्यांसमोर रडले. शुक्रवारी ते निकाल जाहीर करणार होते आणि त्याच दिवशी निवृत्त होणार होते.

बुधवारी सकाळी पंखा बदलायला मी रिसीव्हरखाली शिरले. उताणी पडून वर बघितलं. लाल केबल उजव्या खोबणीत होती, निळी डाव्या. जोडल्या होत्या मीच, एका दुपारी. आराखडा खालून बघून काढलेला, आणि मी बावळटासारखी वरून वाकून जोडत गेले होते. या दोन केबलींची अदलाबदल म्हणजे चित्र आरशातलं. खऱ्या रेषा उजवीकडे वळत होत्या.

तासभर तिथेच पडून राहिले. गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? सर मानाने घरी गेले असते. मला स्वतःची भयंकर चीड आली.

शेवटी सरांच्या खोलीत गेले. ते शुक्रवारचं भाषण लिहीत होते. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ पेनाला टोपण लावत राहिले, ते काही लागेना. मग त्यांनी फोन उचलला आणि कार्यक्रम रद्द करायला सांगितलं. पलीकडून कारण विचारलं, तेव्हा चित्र चुकलंय एवढंच म्हणाले. माझं नाव घेतलं नाही.

"सर, तुमची सगळी वर्षं..."

"तू एक दुपार चुकलीस, बाई. मी एकोणतीस वर्षं. चल, बॅटरी घे."

साठीचा माणूस माझ्याशेजारी फरशीवर उताणा पडला. बॅटरी त्यांनी धरली. उजेड भलतीकडेच पडत होता, मला खोबणी दिसेना. मी त्यांचं मनगट धरून उजेड डाव्या खोबणीवर आणला.

"लाल डावीकडे," ते हळूच म्हणाले. "बघ, डावीकडेच."