अलाबला

परदेशात चार वर्षं शिकून परत आल्यावर मृण्मयीनं छावणीच्या बाजारामागं दोन खोल्यांचा दवाखाना थाटला, तेव्हा भिंतीवर देवाची तसबीर किंवा औषध कंपनीचं कॅलेंडर न लावता तिनं स्वतःच्या हातानं एकच वाक्य रंगवलं होतं : प्रत्येक दुखण्याला कारण असतं. या वाक्यावर तिची श्रद्धा होती, आणि इथल्या इतर डॉक्टरांचा तिला राग येई तोही याच वाक्यापायी. गुडघा दुखतो म्हटलं की गोळी, झोप येत नाही म्हटलं की गोळी, छातीत धडधडतं म्हटलं की सुई. समोरच्या बाईनं वीस वर्षं काय उचललं, कुणाला स्मशानात पोचवून आली, आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या नळापायी तिच्या कंबरेचं काय झालं, हे कुणी विचारायचंच नाही. मृण्मयी विचारायची. तिच्या केसपेपरवर तक्रारीपेक्षा मोठा रकाना कारणाचा होता.

त्यातला पहिला केसपेपर तिनं आईचा भरला होता. व्यंकटराव, म्हणजे तिचे बाबा, गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि आई तेव्हापासून खिडकीशी बसून होती. वाढलं तर चार घास खाई, विचारलं तर "बरी आहे" म्हणे, आणि ज्या हातांनी आयुष्यभर घर झाडून लख्ख ठेवलं ते हात मांडीत घेऊन बाहेरच्या निलगिरीकडं बघत राही. तीन मानसोपचारतज्ज्ञ झाले, गोळ्या बदलून झाल्या. कारणाच्या रकान्यात मृण्मयीनं 'पतिनिधन' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, तरी कारण कळल्यानं आई काही उठली नव्हती. तिला पूर्वीसारखं हिंडताना-बोलताना बघायचं, एवढ्यासाठीच खरं तर मृण्मयी परत आली होती.

दवाखान्यात नावं पुकारायला आणि केसपेपर लावून ठेवायला तिनं सरूबाईला ठेवलं. सोयगावकडची पन्नाशीची विधवा, अंगापिंडानं दणकट आणि जिभेनं त्याहून. तपासणी आटोपून बाई उंबऱ्याशी आली की सरूबाई तिला थांबवी, दोन्ही तळहात तिच्या चेहऱ्यावरून कानशिलांपर्यंत फिरवी, आणि मग ते स्वतःच्या कानशिलांवर टेकवून दहाही बोटं कडाकडा मोडी.

"हे काय चाललंय, सरूबाई?"

"अलाबला घेते, ताई, म्हंजी त्यांची पीडा आपल्यावर. तुमच्या गोळीला काय आडवी येत नाय ती. तुमच्या इलायतेत घेत नसतील म्हना."

"तिकडं थर्मामीटर लावतात."

"मंग? त्यानं ताप कळतो. जात थोडाच असतो?"

मृण्मयी हसली. बायकांना बरं वाटतंय तर वाटू दे, असं तिनं ठरवलं. दवाखाना चांगला चालला होता. इतका चांगला, की पहिले दोन महिने तिला स्वतःचा अभिमान वाटत राहिला.

भागूबाईचे गुडघे हे तिचं पहिलं यश. बावीस वर्षं वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहून झिजलेले गुडघे, एका हप्त्यात इतके बरे झाले की ती भाजीची पिशवी घेऊन पायऱ्या चढून आली. मृण्मयीनं केसपेपर काढला. "भट्टीवर परत जात नाही ना?"

"कुठली भट्टी?" भागूबाईनं विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत. बावीस वर्षं."

"मी नाय बा कधी भट्टीचं तोंड बघितलं. दुसऱ्या कुनाचा कागद असंल तो." आणि पदराच्या गाठीतून तिनं गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. "ह्या घ्या वापस. फोडल्याच नाय."

लाज वाटत असेल, मृण्मयीनं स्वतःला समजावलं. गरिबीची आठवण माणूस पुसून टाकतो. त्या दुपारी सरूबाई लंगडत केसपेपर लावत होती, आणि विचारल्यावर म्हणाली, "काय नाय ताई. भट्टीची धग लई लागती हो, डोळ्यांत जाती." सरूबाईनं आयुष्यभर शेतात आणि लोकांच्या घरी कामं केली होती; भट्टीवर ती कधीच नव्हती, हे मृण्मयीला ठाऊक होतं. तिनं त्याबद्दल काही विचारलं नाही. बाहेर अठरा बायका बसल्या होत्या.

मग द्वारकाबाई. तिचा मुलगा सोमनाथ पैठणच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला तेव्हापासून तिला झोप नव्हती आणि रक्तदाब वरच्या वर. तीन हप्त्यांनी ती आली तेव्हा गाल भरले होते, रक्तदाब एखाद्या तरण्या मुलीसारखा होता, आणि ती खुर्चीत पाय हलवत बसली होती. सोमनाथचं नाव काढल्यावर तिनं कपाळाला आठी घातली. "आमाला दोन पोरीच हायत, ताई."

तिचा नवरा कडूबा बाहेर चपलांपाशी उभा होता. मृण्मयीला बघून त्यानं हात जोडले.

"ताई, ती गोळी बंद करा."

"पण कडूबा, त्या बऱ्या झाल्यात."

"लई बरी झाली, व्हय. पोराचा फोटू उतरवला तिनं. मला म्हनती, हा कोन भिंतीवर? मी एकटा कसा रडू हो त्याच्यासाठी?"

मृण्मयीनं द्वारकाबाईची पिशवी बघितली. गोळ्या जशाच्या तशा होत्या. ती आत आली तेव्हा सरूबाई खिडकीच्या गजाला धरून उभी होती आणि रस्त्यावरून ट्रक गेला की दचकत होती. ओठ हलत होते. जवळ गेल्यावर सोमनाथचं नाव ऐकू आलं.

"सरूबाई, हे बंद करा," मृण्मयी म्हणाली. "आजपासून कुणाच्या तोंडावरून हात फिरवायचा नाही."

"बरं," सरूबाई म्हणाली. थकली होती; चार महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी दिसत होती. "बरं झालं बोल्लात. आता जागा नाय राहिली माझ्यात."

हे इथंच संपायला हवं होतं. रुग्णांच्या हक्कांवर तासभर बोलू शकणारी मृण्मयी त्या संध्याकाळी घरी गेली, आईसमोर ताट ठेवलं, आणि आईनं ताटाऐवजी निलगिरीकडं बघितलं. दोन वर्षं रोज बघत होती तशीच. त्या एका नजरेपुढं तिची सगळी पुस्तकं हरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर ती आईला हाताला धरून घेऊन आली. सरूबाईनं आईकडं बघितलं, मग मृण्मयीकडं.

"कालच नको म्हनलात."

"शेवटचं, सरूबाई. फक्त दुखणं घ्या. बाकीचं राहू द्या तिच्याजवळ."

"शेंगदान्यातून खडे निवडायचेत व्हय, ताई? समदं संगंच येतं." तिनं केसपेपरांचा गठ्ठा बाजूला सारला. "तुमाला म्हाईत हाय ना आता? पुन्हा म्हनायचं नाय, सरूनं सांगितलं नाय."

"माहीत आहे," मृण्मयी म्हणाली.

सरूबाई उठली. आईच्या चेहऱ्यावरून हात फिरायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. बोटं मोडली तेव्हा मृण्मयीनं डोळे मिटून घेतले होते.

सकाळी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला. आई न्हालेली होती, केस विंचरलेले, ओट्यावर पोहे भिजवलेले. खिडकी पुसून झाली होती. मृण्मयी दारातच थांबली. इतक्या आनंदाची तिला सवय राहिली नव्हती. आईनं वळून बघितलं आणि प्रसन्न हसली, एखाद्या घरी आलेल्या पाहुण्याकडं बघून हसावं तशी.

"या ना. बसा. चहा साखरेचा घेता की बिनसाखरेचा?"

"आई."

"अगबाई, मला आई म्हणता? छान वाटलं हो." तिनं कप पुढं केला. "इथंच राहता का तुम्ही? हे घर मोठं आहे, एकटीला जरा जास्तच. त्या खोलीत कुणाचा तरी चष्मा नि काठी पडलीय, तेवढं ज्याचं त्याला देऊन टाकाल का?"

मृण्मयीनं तिची नाडी बघितली. बहात्तर. रक्तदाब उत्तम. दोन वर्षांत पहिल्यांदाच आई भूक लागली म्हणून जेवली, आणि जेवताना या परक्या पाहुणीला आग्रहानं वाढत राहिली. पाहुणीनं दोनदा घास तोंडाशी नेऊन परत ताटात ठेवला.

त्या दिवशी सरूबाई कामावर आली नाही. दुपारी मृण्मयी तिच्या खोलीवर गेली. पत्र्याची खोली, दार नुसतंच लोटलेलं. सरूबाई भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीत घेऊन. भिंतीला खिडकी नव्हती, तरी ती समोर कुठंतरी बघत होती.

"सरूबाई."

तिनं मान वळवली. मृण्मयीला त्या नजरेनं ओळखलं. इतकं ओळखलं की ती शेणानं सारवलेल्या जमिनीवर तशीच बसली. सरूबाईनं हात पुढं करून तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"उन्हातून आलीस, मृणू." सोयगावचा हेल त्या आवाजात कुठंच नव्हता. "तीन दिवस तुझ्यासाठी ठेवलं होतं गं बाबांना. सगळे विचारत होते. तू फोनवर म्हणालीस, तिकीट मिळत नाही. मीही सगळ्यांना तेच सांगितलं. दोन वर्षं तेच सांगतेय."

आई हे कधीच बोलली नव्हती. तिकीट मिळत होतं हे आईला माहीत आहे, हेच मृण्मयीला माहीत नव्हतं.

सरूबाईचा खरखरीत तळवा तिच्या गालावर तसाच होता. रागाचा लवलेशही नसलेल्या, काळजीच्या आवाजात तिनं विचारलं,

"पेपर कसा गेला होता गं?"