पेढ्याचं बोरन्हाण

जानेवारीतली थंडी वामनरावांना मुळातच सोसत नसे. त्यातून त्यांच्या रजईत त्यांच्याआधी बर्फी नावाची झिपरी पॉमेरेनियन कुत्री आणि तिचं पिल्लू पेढा शिरलेलं असे. वामनरावांच्या वाट्याला रजईचं एक टोक आणि बर्फीच्या लाथा यायच्या. सकाळी बंबापाशी जावं, तर तिथेही मायलेक आधीच शेकत बसलेले. प्रताप नगरातल्या या घरात कर्ता पुरुष नेमका कोण, असा प्रश्न त्यांना हल्ली रोज पडे.

तेही त्यांनी मुकाट्याने सोसलं. पण संक्रांत झाली आणि त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, जाहीर केलं, की यंदा पेढ्याचं बोरन्हाण करायचं. वामनरावांना चहाचा ठसका लागला.

"कुत्र्याचं बोरन्हाण? डोकंबिकं फिरलं का वं तुझं?"

"काहून? त्याचा पहिलाच हिवाळा आहे. लोकाइच्या लेकराइवर बोरं टाकून टाकून माझे हात दुखले जी. आपल्या घरी कधी झालं का?"

वामनरावांनी सांडलेला चहा पुसायला घेतला. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि तो विषय दोघंही सहसा काढत नसत. बाईंनी काळ्या लोकरीचं झबलं विणलं, हलव्याचे दागिने केले, गल्लीभर आमंत्रणं दिली. हलव्याचा पहिला हार पेढ्याने घालून बघतानाच खाल्ला, म्हणून दुसरा करावा लागला.

वामनराव कचेरीत हेडक्लार्क, आणि साहेबांचा बंगला गल्लीच्या तोंडाशीच. उद्यापासून सगळं ऑफिस आपल्याला 'पेढ्याचे बाबा' म्हणणार, या धास्तीने त्यांची झोप उडाली. शेवटी त्यांनी एक शहाणपणा केला. बोरन्हाणाच्या दिवशी सकाळी दूध आणायच्या निमित्ताने बाहेर पडले आणि घरोघर सांगून आले, "पेढ्याले थंडी बाधली. कार्यक्रम रद्द आहे बरं."

संध्याकाळी कौशल्याबाई काळी चंद्रकळा नेसून व्हरांड्यात बसल्या. पाटावर पेढा, अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार. पुढ्यात बोरं, चुरमुरे, रेवड्या, उसाचे तुकडे. ऊन गेलं, गारठा उतरला, पण फाटक काही वाजेना.

"येतीन," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाया कामात असतीन." मग पेढ्याचं टोपडं उगीचच नीट करत राहिल्या.

वामनरावांना वाटलं होतं, सुटलो. पण बायकोचा तो चेहरा पाहून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले, हाताला लागल्या त्या चपला पायांत अडकवल्या आणि गल्लीच्या मधोमध जाऊन जन्मात ओरडले नव्हते एवढ्या मोठ्याने ओरडले, "ओ शोभाताई! ओ यमुताई! पोरंहो, चला! आमच्या पेढ्याचं बोरन्हाण आहे!"

साहेब गच्चीत येऊन खाली वाकून पाहू लागले. वामनरावांनी त्यांनाही हात केला. "साहेब, तुम्ही पण या!"

सगळी गल्ली लोटली. पण शेजारच्या यमुताई आल्या त्या ओव्याची पुरचुंडी घेऊन, आणि समोरच्या शोभाताईंच्या हातात गरम पाण्याची पिशवी.

"आता कसं आहे वं पेढ्याले?" यमुताईंनी विचारलं.

"त्याले काय झालं?" कौशल्याबाई चकित.

"थंडी बाधली, कार्यक्रम रद्द आहे, असं भाऊजीच तर सकाळी सांगून गेले!"

कौशल्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. वामनराव उसाचे तुकडे फार बारकाईने निरखत होते.

"बसा," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"पाटावर. पेढ्याले मांडीवर घ्या."

साऱ्या गल्लीसमोर आणि साहेबांच्या देखत हेडक्लार्क पाटावर बसले. मांडीवर पेढा, शेजारी हक्काने बर्फी. बाईंनी बोरांचं मापटं उचललं, पेढ्याला अलगद टाळलं आणि ते आख्खं नवऱ्याच्या टाळक्यावर रिकामं केलं. पोरं लुटायला तुटून पडली. कुणी त्यांच्या खिशात हात घातला, कुणी पाठीवर चढलं, आणि एका रेवडीच्या मागे बर्फी थेट त्यांच्या स्वेटरात घुसली.

त्या गोंधळातून वामनरावांनी कसंबसं डोकं वर काढलं. कौशल्याबाई तोंडाला पदर लावून इतक्या हसत होत्या, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अजून बोरं आहेत का वं?" वामनराव म्हणाले. "असतीन तर टाक."