हसणारी वांगेची

त्या फोटोतलं हसू माझंच आहे, ते मी नाकारत नाही. दोन्ही हातांत मातीनं माखलेले बटाटे धरून मी दात काढतेय, मागं आमच्या किनांगोपच्या पठारावरचं धुकं. फोटो काढला माझ्या दिराच्या मुलानं, किमोथोनं. नैरोबीची माणसं तोंड बघून माल घेतात म्हणाला, म्हणून हसले. माझी मेलीची अक्कल!

त्यानं फेसबुकवर माझ्या नावानं 'वांगेचीचं शेत' असं पान उघडलं, आणि खरं सांगायचं तर दलालाचं तोंड बघायची गरज उरली नाही. नैरोबीच्या बायका तिथंच मागणी करायच्या, मी गोण्या भरायची, किमोथो घरोघर पोचवायचा. प्रत्येक गोणीत बटाट्यांवर मी कोथिंबिरीची जुडी ठेवायची. ही न्योंगेझा. वर थोडं घातल्याशिवाय माल द्यायचा नाही, ही माझ्या आईची रीत.

मग किमोथो म्हणायला लागला की मागणी थंडावलीय. कोठीत बटाट्यांना कोंब फुटू लागले, आणि मी खुळी, लोकांचीच ओढाताण असेल म्हणून गप्प बसले.

एका सकाळी अकोथचा फोन आला. ही शाळेतली बाई, आमचं अगदी पहिलं गिऱ्हाईक. आवाज पडलेला होता.

"गथोनीच्या आई, रागावू नका, पण कालचे बटाटे आतून काळे निघाले. आणि कोथिंबीरही बंद केलीत. आमचं काही चुकलं का?"

काल मी एकही गोणी भरली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा मेला किमोथो बाजारातला टाकाऊ माल उचलून माझ्या तोंडावर खपवत होता. माझे बटाटे कोठीत सडत होते आणि माझं नाव नैरोबीत.

किमोथोला फोन लावून तोंडाला येईल ते बोलले. त्या भरात, कोथिंबीर नाही तिथं माझा माल नाही, हेही बोलून गेले.

"पान मी उघडलं, काकू," तो म्हणाला. "गिऱ्हाइकं मी जोडली. तुम्ही काय केलंत? नुसत्या हसलात."

पुढच्या आठवड्यात अकोथनं शेजारणीकडे आलेल्या गोणीचा फोटो पाठवला. तसलेच काळे बटाटे, आणि वर कोथिंबिरीची जुडी. आईची रीतसुद्धा चोरली यानं, आणि शिकवली कुणी, तर मीच.

मी लेकीला हाक मारली, कोठीचं दार सताड उघडलं आणि व्हिडिओ काढ म्हटलं. गथोनी म्हणाली, आई, चेहरा तरी जरा नीट कर. म्हटलं, असाच राहू दे.

"मी वांगेची. माझे बटाटे हे इथं पडलेत. तुमच्या दारात येतात ते माझे नाहीत. कोथिंबीर बघून फसू नका, तीही चोरीची आहे. फोटोतली ती हसणारी बाई किमोथोच्या मालाची. माझा माल हवा असेल तर हे तोंड ओळखून ठेवा."

गथोनीनं तो व्हिडिओ अकोथला पाठवला, आणि अकोथनं ओळखीच्या सगळ्यांना धाडला. संध्याकाळपर्यंत किमोथोचा फोन. लोक गोण्या परत माझ्या दारात आणून टाकतायत म्हणाला. आवाज एकदम मऊ झाला होता.

"काकू, दोघं मिळून नवा व्हिडिओ करू. फक्त एकदा हसा."

मी फोन गथोनीच्या हातात दिला आणि अकोथची गोणी भरायला बसले.