पाच नंबरची मेंढी

आमच्या आबांनी आठ मेंढ्यांच्या कानांतले नंबरचे बिल्ले तोडून काढले आणि शेडमधल्या खिळ्याला अडकवले, नेमकी त्याच दिवशी पुण्याहून तपासणी आली. देव एकेकदा मुद्दाम असं करतो, असं माझं मत आहे.

मी प्रगती. कुरकुंभच्या एमआयडीसीत एका लहानशा कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. आम्ही अँटिबॉडी बनवतो. औषध नव्हे, संशोधकांना लागणारं हत्यार म्हणा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर एक रिसेप्टर असतो, सीसीआर सेवन नावाचा. शरीरात कुठून तरी एका रसायनाची हाक येते, ती या रिसेप्टरला कळते आणि पेशी त्या दिशेनं चालू लागते. कॅन्सरच्या काही पेशीही ह्याच हाकेवर गाठींमध्ये शिरतात. त्यांचा माग काढायचा तर ह्या रिसेप्टरला अचूक चिकटणारी अँटिबॉडी लागते. त्यासाठी रिसेप्टरचा तुकडा मेंढीला टोचायचा आणि पंधरा दिवसांनी मानेतून दोन नळ्या रक्त काढून बघायचं. आबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी पेशीबी हाकंवर चालत्यात. मग मेंढरावानीच की!"

आम्ही धनगर. वडगाव रासाईला भीमेकाठी सगळीकडे ऊस झाला, चराई संपली, तेव्हा आबांनी कळप विकला आणि ओट्यावर बसून राहिले. कंपनीला मेंढ्या सांभाळायला माणूस हवा होता, मीच त्यांचं नाव सुचवलं. पोरगी एम.एस्सी. आणि बाप तिच्याच कंपनीत लेंड्या झाडतो, यावर कॅन्टीनमध्ये जे बोलायचं ते बोलून झालं. मला लाज वाटली नाही असं म्हणणार नाही. वाटली थोडी.

आठही मेंढ्यांना एकच तुकडा टोचला होता. सात जणींच्या रक्तात कामाचं काही निघालं नाही. पाच नंबरच्या मेंढीची अँटिबॉडी मात्र खऱ्या पेशींना चिकटली, आणि नेमकी जिथं हवी तिथंच. दोन वर्षं मी त्यासाठी घासली होती. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

ऑगस्टात माश्या झाल्या आणि बिल्ल्यांच्या भोकांत किडे पडले. जनावरांचे डॉक्टर गुरुवारी येणार होते आणि वार होता सोमवार. आबा कशाला थांबतात! पकडीनं बिल्ले तोडले, कान स्वच्छ धुतले, हळद आणि करंजाचं तेल भरलं. त्यांच्या लेखी यात चूक काहीच नव्हती. पोरं ओळखायला आईबापाला त्यांच्या कपाळावर चिठ्ठ्या लावाव्या लागतात का?

तपासणीला आल्या होत्या सुलक्षणा मॅडम. ज्यांच्यासाठी आम्ही अँटिबॉडी बनवत होतो, त्या कंपनीच्या. त्यांनी मेंढ्यांकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"यातली पाच नंबर कोणती?"

"ही काय, बांडी," आबा म्हणाले. "कपाळाव पांढरा ठिपका हाय ती."

"ठिपका तर तिघींना आहे."

"हाय की. पन ह्यो बांडीचा हाय."

मॅडम हसल्या नाहीत. ऑफिसात बसल्यावर त्यांनी मला सरळ सांगितलं, "बिल्ला निघाला म्हणजे ओळख गेली. मेंढपाळाची आठवण फाइलला लावता येत नाही. आठही मेंढ्या बाद, काम बंद."

"मेंढ्यांचं काय करायचं?"

"तुमच्या वडिलांना हव्या असतील तर नेऊ देत. आम्हाला काय करायच्यात!"

फ्रीजरमध्ये पेशींची एकच कुपी उरली होती, एका मेंढीच्या चाचणीपुरती. नव्या पेशी यायला दीड महिना. मी म्हणाले, "आबांनी पाच नंबर दाखवली आणि तिचं रक्त चाचणीत उतरलं, तर मानाल?"

मॅडमनी विचार केला. "मानेन. पण एक लक्षात घ्या. परवानगी महिनाअखेरीपर्यंतच आहे आणि हे असं झाल्यावर ती वाढणार नाही. मेंढी सिद्ध झाली तर रक्त एकदाच घ्यायचं. सगळं."

'सगळं' म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं नाही. कामाच्या कागदात शेवटच्या पानावर ते इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही होती. आबांना ते ठाऊक नव्हतं.

शेडपर्यंत चालत जाताना मला सगळं स्वच्छ दिसत होतं. आबा चुकले तर बांडी त्यांच्याबरोबर वडगावला जाईल. बरोबर ठरले तर मरेल. आणि मला माझी दोन वर्षं हवी होती. उगाच दुसरं कारण कशाला सांगू?

"आबा, तुमच्या शब्दावर कुणाचा विश्वास नाहीये," मी म्हणाले. "उद्या सगळ्यांसमोर पाच नंबर ओळखून दाखवा."

"एवढंच व्हय?" ते म्हणाले. "त्यात काय दाखवायचं?"

एवढंच, मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पांढरा फेटा बांधून आले. मॅडमनी मेंढ्या मागच्या अंगणात सोडायला लावल्या, दोनदा इकडून तिकडे फिरवल्या, आबांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मग वळा म्हणाल्या. आबा वळले आणि त्यांनी बोट केलं. विडी पेटवायलासुद्धा ह्याहून जास्त वेळ लागतो.

मी रक्त काढलं. दोन दिवस चाचणी केली. मशीनच्या पडद्यावर आलेख उजवीकडे सरकला, अगदी पूर्वीसारखा. मॅडमनी स्वतः शेडमध्ये येऊन आबांशी हात मिळवला. आबांनी आधी आपला हात धोतराला पुसला. संध्याकाळी त्यांनी चौकातून पेढे आणले, वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना वाटले. "आमच्या पोरीचं काम वाचलं," असं प्रत्येकाला सांगत होते. कळप विकल्यापासून मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. मला त्यांनी दोन पेढे दिले. मी दोन्ही खाल्ले.

शनिवारी सकाळी डॉक्टर आले, तेव्हा आबांना कळलं. तेही डॉक्टरांकडून. मी तिथंच रक्ताच्या रिकाम्या पिशव्यांवर तारीख लिहीत उभी होते.

आबांनी आरडाओरडा केला नाही. आम्ही काही माळकरी नव्हे, बिरोबाच्या जत्रेला आमच्याकडे बकरं पडतं. पण त्याआधी त्याच्या पाठीवर पाणी टाकतात, हात जोडतात आणि त्यानं अंग झाडेपर्यंत वाट बघतात. झाडलं म्हणजे त्याची ना नाही. आबांनी तांब्या भरून आणला, बांडीच्या पाठीवर ओतला आणि हात जोडून उभे राहिले.

ती नुसती उभी राहिली. पाणी लोकरीतून खाली गळत होतं. डॉक्टरांनी दोन-तीन मिनिटं धीर धरला, मग घड्याळ पाहिलं.

"मामा, भूल देतो. तिला काही कळणार नाही."

"हिनं झाडलं न्हाई अजून," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि त्यांनी सुई टोचली. बांडी गुडघ्यांवर आली तेव्हा आबा खाली बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि दीड लिटर रक्त भरेपर्यंत तसेच बसून राहिले. पिशव्या मी बदलत होते. माझ्या हातून एक थेंबही सांडला नाही, याची मला आजही किळस येते.

सगळं उरकल्यावर आबा नळावर हात धूत होते. मला गप्प बसवेना. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हणाले, "आबा, मॅडम म्हणत होत्या, अशी नजर त्यांनी कुठं पाहिली नाही. आठांतून एक, आणि तुम्ही चुकला नाहीत."

आबांनी नळ बंद केला. ओले हात धोतराला पुसले.

"चुकलो असतो की, पोरी," ते म्हणाले. "तू निस्तं सांगायचं व्हतंस."